कर्नल अपडेट झाला की उबुंटू सुरूच होत नाही: भरलेलं /बूट, अर्धवट बसलेला कर्नल आणि पुन्हा पुन्हा येणारा पॅनिक

लॅपटॉप चालू केला, ग्रब (कोणता कर्नल सुरू करायचा ते दाखवणारा मेनू) येऊन गेला आणि लॉगिनच्या जागी पांढऱ्या अक्षरांचा पडदा आला. शेवटच्या काही ओळींत हे दिसतं:

कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)

आदल्या दिवशी अपडेट झालेलं असतं. कुणीतरी जुन्या कर्नलवरून (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) मशीन उठवून देतं, काही आठवडे बरे जातात, पुढचा कर्नल येतो आणि पुन्हा तोच पडदा. ज्यांच्याकडे हे दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा घडतंय त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एकदाच मशीन उठवायचं असेल तर त्याला पाच मिनिटं लागतात. हा त्रास परत येऊ नये यासाठी मात्र /बूटमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइल असतात त्या फोल्डरमध्ये, नेमकं काय चालतं ते कळायला हवं.

आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरांत टाकायच्या. कर्नलच्या आवृत्त्या उदाहरणादाखल आहेत, तिथे तुमच्या मशीनवरची आवृत्ती घाला.

डिस्क खराब झालेली नाही

संदेशात रूट फाइलसिस्टिमचं (उबुंटू जिथे बसलेलं असतं त्या मुख्य भागाचं) नाव येतं, म्हणून लोक डिस्कच्या मागे लागतात. कुणी एफएसचेक चालवतं, कुणी नवी एसएसडी मागवतं, कुणी सगळं पुसून उबुंटू नव्याने टाकतं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. कंसातले दोन आकडे नीट वाचा. (०,०) याचा अर्थ कर्नलला रूटसाठी कोणतंही उपकरण सापडलंच नाही. (८,१) किंवा (२५९,२) असे आकडे असते तर डिस्क दिसली पण तिच्यावरची फाइलसिस्टिम उघडता आली नाही, असा अर्थ झाला असता. ८ हा साटा डिस्कचा क्रमांक आणि २५९ बहुतेक वेळा एनव्हीएमईचा. दोन्ही प्रकारांत पॅनिक होतो, पण उपाय वेगवेगळे.

तिसरा प्रकारही इथेच वेगळा काढतो. पॅनिक न होता "अलर्ट! यूयूआयडी... डझ नॉट एग्झिस्ट" असं येऊन बिझीबॉक्सचा (इनिट्रॅमएफएस) असा प्रॉम्प्ट मिळाला, तर इनिटआरडी (कर्नलला रूट शोधून देणारी फाइल, हिलाच इनिट्रॅमएफएसही म्हणतात) जागेवर आहे आणि ती चाललीही आहे, फक्त आतून डिस्क सापडत नाही. त्याची कारणं निराळी: बदललेला यूयूआयडी (पार्टिशनची ओळखखूण), बायोसमध्ये बदललेला साटा मोड, चुकीचं क्रिप्टटॅब (एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कची नोंद असलेली फाइल). तुमच्याकडे (०,०) असेल तरच पुढचं वाचा.

(०,०) चं सर्वांत नेहमीचं कारण एकच: नव्या कर्नलसोबत इनिटआरडी फाइल तयारच झाली नाही.

कर्नल बसतो म्हणजे काय होतं

उबुंटू, डेबियन, मिंट या सगळ्यांत एका कर्नलच्या चार फाइल /बूटमध्ये येतात. व्हीएमलिनझ म्हणजे खुद्द कर्नल, साधारण १० ते १५ एमबी. सिस्टिम.मॅप काही एमबी. कॉन्फिग काहीशे केबी. आणि इनिटआरडी.आयएमजी, जी एकटी बाकी तिघींच्या कितीतरी पट मोठी असते. मॉड्यूल म्हणजे ड्रायव्हर वगैरे /लिब/मॉड्यूल्समध्ये जातात, तो भाग रूट पार्टिशनवर असतो.

पहिल्या तीन फाइल पॅकेजमधून तयारच येतात. इनिटआरडी तशी येत नाही, ती तुमच्याच मशीनवर बांधली जाते. रूट पार्टिशन एन्क्रिप्ट केलेलं असेल, एलव्हीएमवर (डिस्कचे लवचीक भाग पाडणाऱ्या व्यवस्थेवर) असेल, तर ते उघडायला लागणारी साधनं आणि मॉड्यूल त्या रूट पार्टिशनवरच पडलेली असतात. किल्ली घरात राहून दार ओढलं जावं, तसा हा प्रकार. इनिटआरडी म्हणजे बाहेर ठेवलेली दुसरी किल्ली: डिस्क ओळखणारी मॉड्यूल, पासवर्ड विचारणारा क्रिप्टसेटअप, एलव्हीएमची साधनं, सगळं एका दाबलेल्या फाइलमध्ये. ती नसेल तर नवा कर्नल मेमरीत चढतो, चालूही होतो आणि रूट शोधता शोधता थांबतो.

ती का तयार झाली नाही? अपडेटच्या वेळी टर्मिनल उघडं असेल तर उत्तर तिथेच येऊन गेलेलं असतं. जुन्या आवृत्त्यांत "जीझिप: एसटीडीआउट: नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस", हल्लीच्या आवृत्त्यांत झेडएसटीडीच्या नावाने तीच तक्रार, पाठोपाठ "अपडेट-इनिट्रॅमएफएस: फेल्ड फॉर /बूट/इनिटआरडी.आयएमजी-६.८.०-४५-जेनेरिक" आणि डीपीकेजीची (पॅकेज बसवणाऱ्या साधनाची) त्रुटीची ओळ. अपडेट पडद्यामागे आपोआप होत असेल तर हे कुणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. तेव्हा /व्हार/लॉग/ॲप्ट/टर्म.लॉग उघडून पाहा, सगळं तिथे नोंदलेलं असतं.

आता इथे एक बारकावा आहे आणि त्यानेच माणसं सर्वांत जास्त गोंधळतात. अपडेट फसल्यावर लोक /बूटची जागा तपासतात, तर ८०-९० एमबी मोकळी दिसते. मग "जागा तर आहे, कारण दुसरंच असणार" असं ठरवून भलतीकडे शोध सुरू होतो. होतं असं की इनिटआरडी थेट आपल्या नावाने लिहिली जात नाही. आधी तिच्या नावापुढे .न्यू लावून दुसरी फाइल लिहिली जाते आणि ती पूर्ण झाली की जुन्या नावावर सरकवली जाते. लिहिता लिहिता जागा संपली तर अर्धवट .न्यू फाइल पुसून टाकली जाते. म्हणजे तुम्ही पाहता त्या क्षणी जी जागा मोकळी दिसते, ती काही सेकंदांपूर्वी शेवटच्या बाइटपर्यंत भरलेली होती. शिवाय आधीच असलेली इनिटआरडी नव्याने बांधतानाही जुनी आणि नवी अशा दोन्ही थोडा वेळ शेजारी शेजारी राहतात. म्हणून "किती मोकळी आहे" एवढं बघून भागत नाही. एका पूर्ण इनिटआरडीएवढी जागा, आणि वर थोडी, नेहमी मोकळी राहायला हवी. फाइल बांधण्याची कच्ची सामग्री /व्हार/टीएमपीमध्ये जमवली जाते, तेव्हा रूट पार्टिशन काठोकाठ भरलं असेल तरीही हीच प्रक्रिया फसते. दोन्ही जागा तपासा.

आधी मशीन उठवू

ग्रबचा मेनू आपोआप दिसत नसेल तर यूईएफआय मशीनवर निर्मात्याचा लोगो गेल्या गेल्या एस्केप एकदाच दाबा, जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर ग्रबचा कमांड प्रॉम्प्ट येतो. तिथे "नॉर्मल" टाकून एंटर करा आणि लगेच पुन्हा एस्केप. मेनूत "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू" निवडा. आत कर्नलची यादी असेल. सर्वांत वरचा, म्हणजे नवा, सोडून त्याच्या खालचा घ्या. बहुतेक वेळा मशीन नेहमीसारखं सुरू होतं, आणि डिस्क ठणठणीत आहे याची खात्रीही तिथेच पटते.

सुरू झाल्यावर काहीही पुसण्याआधी चार गोष्टी बघा:

युनेम -आर
डीएफ -एच /बूट /व्हार/टीएमपी
एलएस -एलएच /बूट
डीपीकेजी -एल | ग्रेप लिनक्स-इमेज

पहिली आज्ञा आत्ता चालू असलेला कर्नल सांगते. तो आकडा कागदावर लिहून ठेवा, त्याच्या फाइलींना हात लावायचा नाही. तिसरीत प्रत्येक व्हीएमलिनझसमोर त्याच आवृत्तीची इनिटआरडी आहे का ते जुळवून पाहा. जोडीदार नसलेला व्हीएमलिनझ सापडला की दुखणं सापडलं. चौथीत ओळीच्या सुरुवातीची दोन अक्षरं महत्त्वाची: आयआय म्हणजे नीट बसलेलं, आरसी म्हणजे काढलेलं पण सेटिंग मागे उरलेलं, आणि आयएफ म्हणजे उघडलं गेलं पण बसवणं अर्धवट राहिलं. तुमचा नवा कर्नल बहुधा आयएफमध्ये असेल.

अर्धवट बसलेला कर्नल ग्रबच्या यादीत आलाच कसा, असा प्रश्न पडतो. व्हीएमलिनझ पॅकेज उघडतानाच /बूटमध्ये पडलेला असतो. पुढे कोणत्याही निमित्ताने अपडेट-ग्रब चाललं की ते /बूट धुंडाळतं, व्हीएमलिनझ दिसला की त्याची नोंद करतं. इनिटआरडी सापडली नाही तर तिच्याशिवायच नोंद करतं आणि पुढे जातं. त्याच्या छापलेल्या ओळींत प्रत्येक "फाउंड लिनक्स इमेज"खाली "फाउंड इनिटआरडी इमेज" आहे का, हे पाहण्याची सवय लावून घ्या.

जागा कशी करायची

पहिला प्रयत्न सरळ मार्गाने:

सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज

पुष्कळदा एवढ्यावर जुने कर्नल जातात आणि जागा होते. पण ज्यांचं /बूट पूर्ण तुंबलंय त्यांच्याकडे ॲप्ट (डीपीकेजीच्या वर बसून पॅकेजं आणणारं-काढणारं साधन) अडून बसतं. आधी अर्धवट पॅकेज पुरं करीन आणि मगच काही काढीन, असा त्याचा क्रम. पुरं करायला जागा नाही, जागा करायला पुरं करणं भाग. ही गाठ ॲप्टकडून सुटत नाही, डीपीकेजीने सोडवावी लागते. यादीतला सर्वांत जुना कर्नल निवडा, तो चालू कर्नल नाही याची पुन्हा खात्री करा आणि त्याची सगळी पॅकेजं एकाच ओळीत काढा:

सुडो डीपीकेजी --पर्ज लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा-६.८.०-३१-जेनेरिक लिनक्स-इमेज-६.८.०-३१-जेनेरिक लिनक्स-मॉड्यूल्स-६.८.०-३१-जेनेरिक

एकाच ओळीत अशासाठी की ही पॅकेजं एकमेकांवर अवलंबून आहेत. एकटं इमेज काढायला गेलात तर मॉड्यूल्स-एक्स्ट्राची हरकत येते. त्याच आवृत्तीची हेडर्स (ड्रायव्हर कंपाइल करायला लागणाऱ्या फाइल) बसवलेली असतील तर तीही या ओळीत जोडा. इमेज गेलं की त्याची इनिटआरडीही जाते आणि ग्रबची यादी नव्याने लिहिली जाते.

पार्टिशन शंभर टक्के भरलंय, ग्रबची छोटीशी फाइलही लिहिता येत नाही आणि डीपीकेजीही फसतंय, अशी वेळ आली तर एका जुन्या, चालू नसलेल्या कर्नलची इनिटआरडी तेवढी उचलून दुसरीकडे ठेवा:

सुडो एमव्ही /बूट/इनिटआरडी.आयएमजी-६.८.०-३१-जेनेरिक /रूट/

आणि वरची पर्जची आज्ञा पुन्हा द्या. मी आरएम न सांगता एमव्ही सांगतो आहे. आकडा टाइप करताना चूक झाली तर फाइल परत आणता येते. /बूटमधल्या फाइली आरएमने सरसकट उडवण्याचा सल्ला जागोजागी मिळतो, तो मानू नका. फाइल उडाली तरी पॅकेज यादीत बसलेलंच राहतं, आणि इनिटआरडी पुन्हा बांधायची वेळ आली की उडवलेली फाइल परत येऊन तीच जागा अडवते.

जागा झाली की अर्धवट काम पुरं करा:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल

इथे इनिटआरडी बांधली जायला हवी. तरीही ती /बूटमध्ये दिसत नसेल तर आवृत्ती देऊन स्वतः बांधा:

सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -सी -के ६.८.०-४५-जेनेरिक
सुडो अपडेट-ग्रब

मग एलएस -एल /बूट/इनिटआरडी.आयएमजी पाहा. ही एक सिमलिंक आहे आणि ती शेवटच्या कर्नलच्या इनिटआरडीकडे बोट दाखवते. ती ज्या नावाकडे जाते ती फाइल खरोखर आहे आणि तिचा आकार बाकीच्यांच्या जवळपास आहे, हे बघितल्यावरच रीबूट करा. अपडेटमध्ये कर्नलची त्रुटी दिसली तर काहीही झालं तरी तोवर मशीन बंद करू नका. चालू मशीनवर हे काम चहा होईतो उरकतं, बंद पडलेल्यावर अर्धा दिवस जाऊ शकतो.

जागा भरपूर आहे, तरीही इनिटआरडी नाही

मग डीकेएमएसकडे, म्हणजे बाहेरचे ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी बांधणाऱ्या साधनाकडे बघा. एनव्हीडियाचा ड्रायव्हर, व्हर्च्युअलबॉक्स, रिअलटेकच्या वायफाय डोंगलसाठी बाहेरून आणलेला ड्रायव्हर, यांची मॉड्यूल प्रत्येक नव्या कर्नलसाठी तुमच्या मशीनवर नव्याने कंपाइल होतात. कर्नलच्या आतले इंटरफेस आवृत्तीगणिक बदलतात आणि ते स्थिर ठेवायचे नाहीत हे कर्नल विकसकांचं जाहीर धोरण आहे. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वी कुठून तरी उतरवलेला वायफाय ड्रायव्हर नव्या कर्नलवर कंपाइल होईलच असं नाही.

याचा इनिटआरडीशी संबंध असा: कर्नल बसल्यावर /ईटीसी/कर्नल/पोस्टइन्स्ट.डी मधल्या स्क्रिप्ट वर्णक्रमाने चालतात. डीकेएमएसचं नाव इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या आधी येतं. डीकेएमएस चूक देऊन थांबलं की साखळी तिथेच तुटते आणि इनिटआरडीची पाळीच येत नाही. टर्म.लॉगमध्ये "रन-पार्ट्स: /ईटीसी/कर्नल/पोस्टइन्स्ट.डी/डीकेएमएस एक्झिटेड विथ रिटर्न कोड ११" अशी ओळ दिसली तर हेच. एका यूएसबी वायफाय डोंगलच्या ड्रायव्हरपायी अख्खं मशीन सुरू न होणं पटायला जड जातं, पण तसं होतं.

डीकेएमएस स्टेटस ही आज्ञा देऊन कोणतं मॉड्यूल कोणत्या कर्नलवर अडलंय ते पाहा. कंपाइलची सविस्तर नोंद /व्हार/लिब/डीकेएमएस खाली त्या मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये, बिल्डच्या आत, मेक.लॉग नावाने मिळते. कधी कारण नुसतं हेडर्स नसण्याचं असतं, तेव्हा त्या आवृत्तीचं लिनक्स-हेडर्स बसवा. ड्रायव्हरच जुना असेल तर त्याची नवी आवृत्ती आणा. आणि तो आता लागतच नसेल तर काढून टाका:

सुडो डीकेएमएस रिमूव्ह मॉड्यूलचं-नाव/आवृत्ती --ऑल

मग डीपीकेजी --कॉन्फिगर -ए पुन्हा.

सिक्युअर बूट चालू असताना मेनलाइनचा (मूळ लिनक्सचा, उबुंटूचे बदल नसलेला) सही नसलेला कर्नल टाकला तर ग्रबमध्येच "बॅड शिम सिग्नेचर" येतं. तो वेगळा मामला आहे: एकतर उबुंटूचा सही केलेला कर्नल वापरा, नाहीतर सिक्युअर बूट बंद करा. रोजच्या कामाच्या मशीनवर मी मेनलाइन कर्नल टाकत नाही आणि कुणाला सुचवतही नाही. उबुंटूच्या सुरक्षा अपडेट त्याला लागू होत नाहीत.

जुना कर्नलही उठत नसेल तर

लाइव्ह यूएसबीवरून (जिच्यावरून उबुंटू थेट सुरू होतं त्या पेन ड्राइव्हवरून) जायचं. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर यात एक खाचखळगा आहे आणि त्यात पुष्कळ जण पडतात. डिस्क उघडताना तिला जे नाव द्याल ते तुमच्या /ईटीसी/क्रिप्टटॅबमधल्या नावाशी तंतोतंत जुळायला हवं. लाइव्ह यूएसबीच्या फाइल मॅनेजरमध्ये डिस्कवर क्लिक करून पासवर्ड दिलात तर ती लुक्स-पुढे-लांबलचक-आकडा अशा नावाने उघडते. त्या अवस्थेत इनिटआरडी बांधली तर क्रिप्टसेटअपच्या स्क्रिप्टला क्रिप्टटॅबमध्ये ते नाव सापडत नाही, ती एक इशारा छापते आणि एन्क्रिप्शनची नोंद न घालताच फाइल तयार होते. रीबूट केल्यावर पासवर्ड विचारलाच जात नाही.

म्हणून आधी कोणत्याही नावाने उघडून क्रिप्टटॅबमधलं नाव वाचा, टिपून घ्या. मग अनमाउंट करा, व्हीजीचेंज -एएन ने एलव्हीएम निष्क्रिय करा, डिस्क बंद करा आणि योग्य नावाने पुन्हा उघडा:

सुडो क्रिप्टसेटअप ओपन /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी३ क्रिप्टटॅबमधलं-नाव
सुडो व्हीजीचेंज -एवाय
सुडो माउंट /डेव्ह/मॅपर/व्हीजीउबुंटू-रूट /एमएनटी
सुडो माउंट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी२ /एमएनटी/बूट
सुडो माउंट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी१ /एमएनटी/बूट/ईएफआय

पार्टिशनची नावं एलएसबीएलके देऊन खात्री करून घ्या. मग डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चारही माउंट --बाइंड वापरून /एमएनटीच्या आत जोडा आणि सुडो सीएचरूट /एमएनटी करा, म्हणजे तुम्ही तुमच्याच सिस्टिमच्या आत शिरता आणि वरच्याच पायऱ्या तिथे करता येतात. /एमएनटी/बूट माउंट करायचं राहिलं तर इनिटआरडी रूट पार्टिशनवरच्या रिकाम्या बूट फोल्डरमध्ये पडते, सगळं यशस्वी झालं असं दिसतं आणि मशीन काही उठत नाही. सीएचरूटच्या आत युनेम -आर लाइव्ह यूएसबीचा कर्नल सांगतो, तुमचा नाही. म्हणून अपडेट-इनिट्रॅमएफएसला आणि डीकेएमएसला प्रत्येक वेळी -के देऊन आवृत्ती सांगा.

पुन्हा पुन्हा का भरतं

आता मूळ दुखण्याकडे. डिस्क एन्क्रिप्ट करून उबुंटू टाकलं की इन्स्टॉलर /बूट वेगळं, एन्क्रिप्ट न केलेलं ठेवतो, कारण ग्रबला ते वाचता यायला हवं. त्याचा आकार इन्स्टॉलच्या दिवशी ठरतो. १६.०४च्या काळात तो साधारण अर्धा जीबी असे, १८.०४ आणि २०.०४मध्ये ७०० एमबीच्या आसपास, पुढे दीड-दोन जीबीपर्यंत गेला. आवृत्ती वरचेवर चढवत नेली तरी पार्टिशन मात्र जुन्या आकाराचंच राहतं. इनिटआरडी दरम्यान फुगत गेली. पूर्वी ५०-६० एमबी असलेली ही फाइल आता सहज शंभरावर जाते, आणि ग्राफिक्सचं फर्मवेअर आत शिरलं की आणखी वाढते. हिशेब करा: एका कर्नलला १६० एमबी धरले तर तीन कर्नलचे ४८०, चौथा बसताना आणखी १६०, म्हणजे ६४०. सातशेतल्या सातशे वापरायला मिळत नाहीतच, फाइलसिस्टिमचा स्वतःचा खर्च असतो. काठावरचा संसार आहे हा. एखादा जुना कर्नल मागे रेंगाळला की कोसळलाच.

मग जुने कर्नल मागे का राहतात? पहिलं कारण म्हणजे हाताने बसवलेले कर्नल. विशिष्ट आवृत्ती नाव देऊन बसवली की ॲप्ट ती "मॅन्युअल" म्हणून नोंदवतं आणि ऑटोरिमूव्ह तिला कधीच हात लावत नाही. तपासा:

ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल | ग्रेप लिनक्स-

इथे आकडे असलेली इमेज, मॉड्यूल्स किंवा हेडर्स दिसली तर ॲप्ट-मार्क ऑटो देऊन त्यांची खूण बदला. आकडा नसलेली लिनक्स-जेनेरिकसारखी मेटापॅकेजं मात्र मॅन्युअलच राहू द्या. ती गेली तर नवे कर्नल येणंच थांबतं, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते पॅनिकपेक्षा वाईट.

दुसरं कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. २२.०४वर लिनक्स-जेनेरिक आणि लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४ ही दोन्ही मेटापॅकेजं बसलेली असतील तर ५.१५ची मालिका आणि ६.८ची मालिका अशा दोन्ही समांतर येत राहतात. काही लॅपटॉपवर ओईएमची (लॅपटॉप निर्मात्यांसाठीची) तिसरी मालिकाही असते. /बूटमध्ये अशा दोन मालिका दिसल्या तर एक ठेवा. हार्डवेअर नवं असेल तर एचडब्ल्यूई, आणि दुसरीचं मेटापॅकेज काढून ऑटोरिमूव्ह. छोट्या /बूटवर याच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

आपोआप अपडेट चालू असतील तर /ईटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ.डी/५०अनअटेंडेड-अपग्रेड्स उघडा आणि रिमूव्ह-अनयूज्ड-कर्नल-पॅकेजेस या ओळीसमोर ट्रू आहे ना ते पाहा. कुणी ते फॉल्स करून ठेवलेलं असेल तर जुने कर्नल साचतच राहतात.

एवढं करूनही जागा पुरत नसेल तर इनिटआरडी लहान करा. /ईटीसी/इनिट्रॅमएफएस-टूल्स/इनिट्रॅमएफएस.कॉन्फमध्ये कॉम्प्रेसची किंमत एक्सझेड केली तर फाइल आकसते. बांधायला आणि बूटच्या वेळी उघडायला थोडा वेळ जास्त लागतो, चालण्यासारखं आहे. दुसरा पर्याय त्याच फाइलमध्ये मॉड्यूल्सची किंमत मोस्टवरून डेप करण्याचा. मग फक्त तुमच्या मशीनला लागणारीच मॉड्यूल आत जातात आणि आकार पुष्कळच उतरतो. पण तीच डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावली तर ती उठण्याची खात्री नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा ऑफिसात, जिथे डिस्क या मशीनमधून त्या मशीनमध्ये फिरतात, तिथे डेप करू नका. घरच्या एकाच लॅपटॉपसाठी ठीक. बदल केल्यावर:

सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल

यालाही तात्पुरती .न्यू फाइल लागते, तेव्हा आधी एक जुना कर्नल काढून जागा करून घ्या.

पार्टिशनच मोठं करायचं का? साध्या मांडणीत जीपार्टेडने जमतं. एन्क्रिप्शन आणि एलव्हीएम एकावर एक असताना फाइलसिस्टिम, मग लॉजिकल व्हॉल्यूम, मग फिजिकल व्हॉल्यूम, मग लुक्सचा (एन्क्रिप्शनचा) डबा, मग पार्टिशन असं सगळं या क्रमाने आकसवून पुढे सरकवावं लागतं, आणि मध्ये वीज गेली तर डेटा गेला. त्यापेक्षा मी होम फोल्डरची प्रत दोन ठिकाणी घेऊन नव्याने इन्स्टॉल करीन आणि /बूटला २ जीबी देईन.

डेबियन, मिंट आणि डेबियनवर बेतलेलं सी-डॅकचं बॉस, इनिट्रॅमएफएस-टूल्स वापरणाऱ्या अशा सगळ्यांना वरचं बहुतेक जसंच्या तसं लागू पडतं. फेडोराची रचना निराळी आहे. तिथे ड्रॅकट इनिट्रॅमएफएस बांधतं, आणि किती कर्नल ठेवायचे हे /ईटीसी/डीएनएफ/डीएनएफ.कॉन्फमधली इन्स्टॉलओन्ली_लिमिट ठरवते, मुळात ३. /बूट अपुरं पडत असेल तर ती २ करा. आर्चवर याच लक्षणाच्या आसपासचा नेहमीचा घोळ वेगळा: अपडेटच्या वेळी /बूट माउंटच नव्हतं, नवा कर्नल रूटवरच्या फोल्डरमध्ये गेला, सुरू होतो जुना आणि त्याची मॉड्यूल तर पॅकमनने (आर्चच्या पॅकेज साधनाने) काढून टाकलेली. युनेम -आर आणि /लिब/मॉड्यूल्समधलं फोल्डर जुळत नसेल तर /बूट माउंट करून लिनक्स पॅकेज पुन्हा बसवा.

मदत मागताना एवढं सोबत द्या: पॅनिकच्या पडद्याचा फोटो, डीएफ -एच /बूट, एलएस -एलएच /बूट, डीपीकेजी -एल मधल्या लिनक्सच्या ओळी आणि टर्म.लॉगचा शेवटच्या अपडेटचा भाग. "अपडेटनंतर चालू होत नाही" एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. हे पाच तुकडे समोर असले की बहुतेक वेळा पहिल्याच उत्तरात कारण सापडतं.